डबल बेल

“हाउसबोट ठरवलीय ना आई? मग ही सरकारी बोट कशाला?” केरळातल्या आलप्पुळाच्या धक्क्यावर रणजितनं वैतागून विचारलं.

“मोबाइलवर हीच बघून आलेय मी. उचल तुझ्या अण्णांना,” शेवंताबाई म्हणाल्या.

अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली होती. अर्धांगवायूनंतर मात्र ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहायचे. डावा पाय हलेल, पण स्वतः प्रयत्न करायला हवा, असं सांगून डॉक्टर थकले होते. शेवंताबाई थकल्या नव्हत्या.

मायलेकांनी मिळून त्यांना बाकावर बसवलं. कालव्यातली बदकं, काठावर भांडी घासणाऱ्या बाया, कशाकडंच त्यांनी पाहिलं नाही. शेवंताबाई फक्त त्यांच्या डाव्या चपलेकडे बघत होत्या.

माणसं चढली. सुकाणूवरच्या माणसानं दोरी ओढली आणि खालच्या इंजिनवाल्यासाठी घंटा वाजली. टण, टण. थेट एसटीची डबल बेल.

अण्णांनी मान वर केली. त्यांचा डावा पाय क्लच शोधत फळीवर हळूच दाबला गेला.

रणजित वाकून त्या पायाकडे बघू लागला.

“शेवटच्या थांब्याचं तिकीट काढ,” शेवंताबाई म्हणाल्या, “आणि ती हाउसबोट रद्द कर. तिला घंटा नाही.”