शाफ्टवरचा पंजा

गाडी माझ्या सवतीची. म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. ती जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा तिच्या गाडीचे लाड करतोच आहे.

काल त्यानं गाडीखालचा शाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारा लांब लोखंडी दांडा, काढला, गंज खरवडून आरशासारखा लख्ख केला आणि शेडमधल्या टेबलावर ठेवला.

“उद्या रंग देतो. तोवर उघडा हात लावू नकोस हं, घामानं लगेच गंज धरतो.”

मी तापानं फणफणले होते, तेव्हा कपाळाला हात लावायला सवड नव्हती मेल्याला! तो आंघोळीला गेला, तशी मी शेडमध्ये जाऊन उजव्या हातानं शाफ्ट चांगला आवळून धरला.

सकाळी शाफ्टवर तांबूस पंजा उमटला होता.

मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. पण त्यानं त्या बोटांवर अलगद आपली बोटं ठेवली.

“तिची अंगठी बघ,” तो म्हणाला. “कधीच काढायची नाही ती.”

मी वाकून पाहिलं. एका बोटाच्या ठशात बारीकशी पट्टी गंजाविना चकचकत होती.

मी अंगठी घालत नाही. पाठीमागे लपवलेल्या माझ्या मोकळ्या बोटाभोवती काहीतरी हळूहळू आवळत गेलं.