दार हळू लावायचं

"दार हळू लावायचं." नूतनबाईंनी शितलचं स्वागत एवढ्यावरच केलं.

शितलने दार अलगद लावलं. मसोलीतली ही जागा तिला हवीच होती. सोमवारपासून डहाणूच्या एका दवाखान्यात ती नर्स म्हणून लागणार होती आणि पहिली पाळी सकाळी सहाची. तलासरीहून तेवढ्या पहाटे येणं जमणारं नव्हतं. राहायला जवळ या, नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

एजंट दीपेशने फोनवर या भागाचं भरपूर कौतुक केलं होतं. स्टेशन चालत, बाजार चालत, दवाखाना तर दहा मिनिटांवर, शिवाय कोपऱ्यावर नवं कॅफे. वर मॅडम आहेत, त्या दाखवतील म्हणाला आणि स्वतः आलाच नाही.

मॅडमनी जागा दाखवली ती उपकार केल्यासारखी. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावरून शितलला आतलं दिसलं. ओट्यावर कुकर, दोरीवर फडकी, खिडकीत तांब्या, तांब्यावर उपडा पेला आणि त्याच्यावर आणखी एक. आपल्याच घरात आल्यासारखं तिला वाटलं.

मग आडनाव विचारून झालं. शिंगडा, तलासरीचे, असं तिने सांगितल्यावर बाईंचं तोंड आंबट झालं.

आम्ही समुद्रकाठच्या चिखल्याचे, आमची चिकूची वाडी आहे, हे बाईंनी न विचारता ऐकवलं. इथे बऱ्या घरची माणसं राहतात. गाववाले बोचकी घेऊन आलेले चालणार नाहीत. सुकी मासळी भाजलेली चालणार नाही. शितलने सगळ्याला मान डोलावली. आपली आईसुद्धा राहायला येणार नाही, असं सांगून बसली, आणि सांगितल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"तुमच्याकडे जमीन हलते ना?" बाईंनी विचारलं.

"हलते."

"म्हणून सांगते. तिकडची माणसं खुट्ट झालं की अंगणात पळतात. इथे जिन्यावर असला तमाशा केलात तर लोक हसतात."

भूकंपाच्या धक्क्यांमुळे एक अख्खा हिवाळा शितलचं घर शेतात प्लास्टिकखाली झोपलं होतं. भिंतीला तडा गेला त्या दिवशी तिची आजी मुकी झाल्यासारखी बसून राहिली होती. त्याच्यावर कुणी हसावं, हे तिला सोसवलं नाही.

"लोक हसतात की तुम्ही हसता?" तिने विचारलं.

बाईंनी दाराकडे हात केला. मग थंडपणे म्हणाल्या, "ही जागा तुम्हाला मिळणार नाही. एजंटला सांगा, आवडली नाही. पाण्याचा त्रास आहे म्हणा."

नोकरी गेली, हे शितलला तिथेच कळलं. डोळे भरून आले आणि त्या बाईसमोर भरले याचा जास्तच संताप झाला. तिने पर्स उचलली, बाहेर पडली आणि सगळा राग दारावर काढला. दार असं आपटलं की जिना दणाणला.

आत तांब्यावरचे पेले खणखणत पडले. शितलच्या घरी रात्री धक्का कळायचा तो याच आवाजाने.

शितलचे पाय आपोआप दोन पायऱ्या धावले आणि थांबले. दारच तर होतं, तिनेच आपटलेलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि नूतनबाई अनवाणी, पदर लोळवत तिच्या अंगाला घासून खाली गेल्या. दुसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत एकाही शेजाऱ्याचं दार उघडलं नाही. कुणाकडे तरी टीव्ही चालू होता, तो चालूच राहिला.

शितल खाली आली. बाई भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेच्या मधोमध उभ्या होत्या. डोक्यावर दोन्ही हात होते आणि नजर जमिनीवर.

"दार होतं," शितल म्हणाली. "मीच आपटलं."

बाईंनी आधी इमारतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात हळूहळू खाली आले. बोलल्या तेव्हा त्यांचं मघाचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. शितलची आई बोलते तशाच बोलल्या.

"या जागेच्या शेठला नको सांगूस, बाय. चिखल्याची म्हणून सांगितलं, तवा भाड्यानं ठेवली. नवं गिऱ्हाईक मिळंल त्या दिवशी खाली कर म्हणतो, आणि तलासरीला माझं घर अजून हलतंय."