रोज एक उत्तर

“आज एकाच प्लेटचं सांगतो. बाकीचं उद्या आठवेल,” जगन्नाथकाका फोनवर म्हणाले.

दीक्षाने कपाळाला हात लावला. तिच्यासमोर स्क्रीनवर सूर्याचे नऊ फोटो होते, चाळीस वर्षांपूर्वी डोंगरावरच्या एका वेधशाळेत काचेच्या प्लेटवर काढलेले. नऊही प्लेटवरची उत्तरेची खूण पुसली गेलेली. सूर्य काय, गोल तो गोल. उलटा धरला तरी कळत नाही! आणि तिचा संशोधनाचा सगळा पेपर त्यावर उभा. सूर्याच्या क्रोमोस्फिअरमधले, म्हणजे पृष्ठभागाच्या वरच्या थरातले, तेजस्वी पट्टे विषुववृत्तापासून लांब उगवतात आणि सरकत सरकत त्याच्याकडे येतात. एका फेरीला अकरा वर्षं लागतात. त्यात उत्तरेचा जोर किती, दक्षिणेचा किती, हे मांडायचं तर वर कोणती बाजू ते नको कळायला? शुक्रवारी पेपर द्यायचा होता.

वेधशाळेच्या नोंदवहीला वाळवी लागली होती. आता सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, ते फोटो काढणारे जगन्नाथकाका. वय सत्त्याऐंशी, मुक्काम अमेरिकेतच, प्लेनोला, मुलाकडे. त्यांची स्वतःची डायरी त्यांच्याजवळ होती. पण आधी तिच्या ॲन आर्बरला बर्फ किती पडला, डब्यात काय नेलंस, नागपूरला आई बरी आहे ना, मग त्या दिवशी डोंगरावर धुकं कसं होतं, आणि सगळ्यात शेवटी, “हं, वरची बाजू उत्तर. लिही.” रोज एक. म्हातारा शेंडी लावतोय, असं तिला वाटायचं. पण खरं सांगायचं तर फोन ठेवला की तिला फार एकटं वाटायचं. दिवसभरात मराठी तेवढंच. काही दिवशी तर बोलणंच तेवढं.

गुरुवारी फोन काकांच्या सुनेने, अपर्णाने उचलला.

“बाबा शर्ट बदलतायत. तुझा फोन म्हटलं की सकाळपासून तयारी! पण अगं, तुझं काम अजून झालं नाही? बाबांनी पहिल्याच दिवशी नऊच्या नऊ लिहून फ्रिजवर लावलेत. थांब, मी वाचते, मला ऑफिसला ड्राइव्ह करायचंय.”

राहिलेली चार उत्तरं अर्ध्या मिनिटात मिळाली. दीक्षाने ती भरली. आकृती पूर्ण झाली, पेपर तयार झाला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, पण तिला आनंद काही होईना.

तेवढ्यात पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग दार लागलं. अपर्णा गेली होती.

“हं, दीक्षा. आज सहावी, नाही का?” काका थांबले. “म्हणजे आता... किती राहिल्या गं?”

दीक्षाने लॅपटॉप मिटला.

“भरपूर राहिल्यात, काका,” ती म्हणाली. “अख्ख्या अकरा वर्षांच्या.”