उद्याचं पान

"बोट ठेवायचं आणि उचलायचं, साहेब. दाबून नाही धरायचं."

सेक्रेटरीने हे पुन्हा एकदा सांगितलं. म्हाताऱ्याने पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा फोनवर अंगठा रोवला. पडद्यावरची सगळी चित्रं इकडची तिकडे झाली.

"गेलं का रे सगळं?"

"काही गेलं नाही. द्या इकडे."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! सेक्रेटरीने चेहरा हसरा ठेवला आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. खिडकीबाहेर धुलाईखात्याची वाफ फुसफुसत होती. गावभरच्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारा एवढा मोठा कारखाना, आणि त्याचा मॅनेजर हा! कामगार त्याला 'गजर' म्हणत, कारण तो आजवर कुठेही उशिरा पोचला नव्हता. सेक्रेटरीला त्याचं कवडीचं कौतुक नव्हतं. गजराला रोज किल्ली कोण देतं? आपणच ना?

कारण म्हाताऱ्याच्या डोक्याची चाळण झाली होती. राहायचं ते फक्त डायरीत राहायचं, आणि आता डायरीतलं अक्षरही दिसेनासं झालं होतं. म्हणून मालकांनी त्याला हा फोन दिला. त्यातलं एक अ‍ॅप सकाळी उघडलं की दिवसभराची कामं एका पानावर, मोठ्या अक्षरांत समोर येत. ते लावून द्यायचं झेंगट अर्थातच सेक्रेटरीच्या गळ्यात पडलं.

एरवी त्याने ते शिपायावर ढकललं असतं. पण महिनाअखेर म्हातारा निवृत्त होणार होता, आणि त्याची खुर्ची कोणाला द्यायची हे मालक याच आठवड्यात ठरवणार होते. खुर्ची आपलीच, असं सेक्रेटरीने बायकोला सांगूनही टाकलं होतं. बायकोने ते माहेरी सांगितलं होतं. आता ती हुकली तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

वाटेत आडवा एकच माणूस होता, इस्त्रीखात्याचा मुकादम. सदा घामाने निथळणारा आणि 'होय साहेब'च्या पुढे एक शब्द न बोलणारा. पण परवा म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारलेली सेक्रेटरीने पाहिली होती, आणि तेव्हापासून तो मुकादमावर डोळा ठेवून होता.

"अक्षर आणखी मोठं करतोस?" म्हातारा म्हणाला.

"करतो की."

"आणि ती घंटा जरा हळू वाजू दे. दचकायला होतं."

"केली हळू."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "मी तुला फार पिडतो, नाही?"

"छे हो, साहेब! काहीतरीच काय!"

"नाही, दुसरा कोणी असता तर खेकसला असता. धीर आहे तुझ्यात." मग जरा वेळ त्याने चष्मा पुसला. "एक सांग. मी बघत नसलो तरी तू काम असंच करशील ना?"

"डोळे मिटून विश्वास ठेवा."

काय पण प्रश्न! सेक्रेटरीला हसू आवरेना.

म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. "बरं, मग घाल उद्याचं पहिलं काम. दहा वाजता, मालक."

सेक्रेटरीचं बोट थबकलं. "मालकांकडे? काही विशेष?"

"आहे एक. एकाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. विसरून चालायचं नाही."

एकाच्या म्हणजे कोणाच्या, हे सेक्रेटरीला वेगळं सांगायला नको होतं. त्याने 'दहा, मालक' असं लिहिलं आणि म्हाताऱ्याला दाखवलं. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात सेक्रेटरीने दहाचे अकरा केले. बस म्हणावं आता मुकादमाची वकिली करत! तोवर आपण वर मालकांकडे जाऊन येऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने पान उघडलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी दहा म्हटलं होतं ना रे?"

"अकरा, साहेब. तुम्हीच सांगितलंत. हे बघा, लिहिलंय."

म्हातारा ओशाळला. "असेल बाबा. माझ्या डोक्याचा आता काय भरवसा! तू आहेस म्हणून चाललंय."

असल्या माणसाला फसवण्यातही काही मजा नाही, असं सेक्रेटरीला वाटलं. टाय सारखा करून तो दहाच्या ठोक्याला मालकांच्या दारात उभा राहिला.

मालकांनी त्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"साहेब कुठेत?"

"खाली आहेत. टेबलापाशी."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"आज इथे यायचं त्यांच्या लक्षात आहे ना?"

सेक्रेटरीने क्षणभर विचार केला. विसरले म्हणावं, तर मालक लगेच फोन करून बोलावून घेतील. त्यापेक्षा कायमचाच काटा काढलेला बरा.

"चांगलं लक्षात आहे. सकाळी मीच आठवण केली. म्हणाले, मला काही जायचं नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "आता त्यांचं मन लागत नाही हो कशात. म्हणून म्हटलं, आपणच येऊन भेटावं."

मालकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि एकदा सेक्रेटरीच्या टायकडे.

"बस," ते म्हणाले. "वाईट वाटतं रे. मीही तुझंच नाव धरून होतो. पण काल तुझे साहेब तुझ्याबद्दल म्हणाले, 'माणूस हुशार आहे, फक्त त्याची हमी द्यावी की नाही ते ठरत नाही. आज त्याला एकदा नीट पारखतो. मन भरलं, तर उद्या दहाला स्वतः येऊन खुर्ची त्याला द्या म्हणून सांगतो. आणि नाही आलो, तर मला काही विचारू नका, मुकादमाला वर बोलवा.'"