दुसऱ्या तासातले चार सेकंद

आजोबा पोस्टमन होते, तेव्हा गावाबाहेर शूटिंग झालेल्या एका युद्धपटात त्यांनी मेलेल्या सैनिकाचं काम केलं होतं. दुसऱ्या तासात, चारच सेकंद, पण तोंड वर करून. चाळीस वर्षांत घरातलं कोणी त्या दुसऱ्या तासापर्यंत टिकलं नाही. आजी तर सुरुवातीची नावं संपायच्या आतच घोरायला लागायची.

मग नातीला त्याच युद्धावरच्या व्हिडिओ गेमचं वेड लागलं. दोन महिने लढून झाल्यावर तिनं लायब्ररीतून इतिहासाची तीन जाडजूड पुस्तकं आणली, आणि एका रविवारी स्वतःहून विचारलं, "आजोबा, यावर एखादा पिक्चर नाहीये का हो?"

तोच पिक्चर लावून आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसले. सांगितलं मात्र काहीच नाही. तिनं आपणहून ओळखावं, एवढीच इच्छा होती.

बरोबर त्या चार सेकंदांवर नातीनं पिक्चर थांबवला आणि टीव्हीला नाक लावलं.

"आजोबा, हा मेलेला बघा!"

"बघतोय." आजोबा ताठ बसले.

"या सैन्याचे बूट तपकिरी होते. याचे काळे! एकट्यानं अख्ख्या लढाईची वाट लावलीये. कोण हे ध्यान?"

 

आजोबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "हेर असेल. म्हणून तर मारलाय."