मिरे उरले, कापूर उडाला

"कापरात मिरे टाकून ठेव गं, नाहीतर उडून जातो," सासूबाई सांगायच्या. मंगळावरच्या वसाहतीतही मालिनीने ते पाळलं होतं. तरी आज पूजेच्या वेळी डबीत नुसते मिरेच उरले होते.

"भरायला विसरली असशील," दामोदर हसला. "भिंतीवरचा काटा सांगतोय, हवा पुरेशी आहे."

"कालच भरली होती. आणि मघाचा चहा? खळखळ उकळला, तरी तुमची जीभ भाजली नाही."

दामोदरचं हसू मावळलं. हवा विरळ झाली की पाणी फारसं न तापताच उकळतं, कापूरही भराभर उडतो. काटाच अडकला होता. तो धोक्याच्या घंटेकडे धावला.

पलीकडच्या खोलीत आजारी अंबूताई एकट्या होत्या. त्यांना जपण्याचा शब्द मालिनीने त्यांच्या लेकीला दिला होता. देवाला हात जोडून तिने प्राणवायूचे दोन मास्क उचलले आणि ती निघाली.