नावं ठेवणारा बाप

“ताई, तुम्हाला ऑटोमॅटिकच बरी पडेल,” शोरूममधला ओंकार म्हणाला, पण बघितलं त्याने तिच्या वडिलांकडे. “गिअर टाकणं बायकांना जड जातं.”

राजेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं ती मिरजगावात दुधाच्या कॅनांनी भरलेली पिकअप पळवत होती. त्याच कमाईतून पहिली कार घ्यायला ती नगरला आली होती, आणि तिला गिअरचीच हवी होती. आता आण्णा याला चांगला झापतील, असं तिला वाटलं.

बिभीषणआण्णांनी मान डोलावली. “व्हय. तिला न्हाई जमायचं.”

आण्णा बैलबाजारातले मुरलेले व्यापारी. भाव करायला म्हणून तिनेच त्यांना सोबत आणलं होतं. पण लेकीचं कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बारावीला पहिली आली, तर अक्षर म्हणजे कुत्र्या-मांजराचे पाय. पिकअप शिकली, तर वळणावर भिते. आज परक्या माणसासमोर तरी एक बरा शब्द काढतील, एवढीच तिची आशा होती. कसलं काय!

आण्णा गाडीभोवती फिरले. रंग लगेच मळणार. डिक्की बारकी. बसायला खोलगट. मग म्हणाले, “ऑटोमॅटिक आमाला परवडत न्हाई, गिअर हिला जमत न्हाई. चल गं, ऊठ.”

महिनाअखेर होती आणि गिऱ्हाईक दाराकडे निघालं होतं. ओंकारचं अवसानच गळालं. “अहो बाबा, जमेल की! गिअरमध्ये काय अवघड आहे? हल्ली बायका ट्रॅक्टर चालवतात!” त्याने वीस हजार कमी केले. आण्णा पायरी उतरले. त्याने पस्तीस केले. वर ताईंना महिनाभर ड्रायव्हिंग क्लास फुकट.

“क्लास नगं,” आण्णा म्हणाले. “त्याचं पैसं बी किमतीतनं काढा.”

साहेबांना विचारून तेही काढले. सौदा ठरला.

पुढच्या आठवड्यात गाडी ताब्यात मिळाली. “सोबत ड्रायव्हर देऊ का?” ओंकारने काळजीने विचारलं. राजेश्वरीने चावी घेतली, आण्णांना शेजारी बसवलं, दोन गाड्यांच्या चिंचोळ्या फटीतून एका दमात गाडी रिव्हर्समध्ये काढली आणि सोलापूर रस्त्याला लागली. ओंकार पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभाच राहिला.

भाव झकास पडला होता. तरी तिला आनंद होईना. भाव पाडायला लेकीलाच खाली पाडावं लागतं होय? मिरजगाव आलं.

“बाजारतळावर घे,” आण्णा म्हणाले.

बाजाराचा दिवस. बैल, दलाल, व्यापारी, नुसती झुंबड. गाडी थांबताच सगळे जमले. रंभाजी दलाल गाडीभोवती फिरत हसला. “बिभीषणा, आदी खोडी सांग!” आण्णांनी एखादं जनावर बिनखोडीचं म्हटल्याचं त्या बाजारात कुणी ऐकलं नव्हतं.

आण्णा खाली उतरले. फेटा नीट केला. भरल्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“गाडीत खोडी लई हायत. चालवनारीत एक न्हाई.”